मालिकेच्या सेटवरून स्वतंत्र फोटोग्राफीकडे: कॅमेऱ्याच्या आधी ठरवायच्या गोष्टी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मराठी मालिकांच्या सेटवर सात-आठ वर्षं कॅमेरा विभागात काम, आधी अटेंडंट, आता असिस्टंट. शिफ्ट बारा तासांची, पैसे नव्वद दिवसांनी. आता स्वतःच्या नावावर फोटोग्राफी करायची आहे. कॅमेरा कोणता घ्यावा, कोर्स करावा का आणि मालिका कधी सोडावी?

कॅमेरा आणि कोर्सचं उत्तर दोन ओळींत देता येईल, ते पुढे देतो. खरी अडचण वेगळीच आहे. सेटवर काम तुमच्याकडे चालून येतं. प्रॉडक्शनचा फोन येतो, कॉल टाइम कळतो, डीओपीनं (मुख्य छायाचित्रकारानं) लाइट ठरवलेला असतो, दिग्दर्शकानं नटाला मार्क (उभं राहायची जागा) दिलेला असतो, डेटा दुसरा कुणीतरी उतरवतो आणि कुठली फ्रेम राहणार ते एडिटर बघतो. स्वतंत्र फोटोग्राफर झाल्यावर ही पाचही कामं तुमच्या अंगावर येतात. त्यातलं लाइटचं काम तुम्हाला बऱ्यापैकी येतं, डेटाचं चटकन शिकता येतं. समोरच्या माणसाला उभं करणं, हजारातून दहा फ्रेम निवडणं आणि काम आणणं या तीन गोष्टींचा सराव सेटवर होत नाही. सगळी आखणी या तिघांभोवती करा.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही आधी सांगतो. घरभाडं आणि हप्ते किती, घरात दुसरी मिळकत आहे का, तुम्ही मुंबई-ठाण्यात राहणार की नाशिक, कोल्हापूर किंवा साताऱ्याला परत जाणार, यावर पहिलं गिऱ्हाईक कोण ते ठरतं. मुंबईत नट, मॉडेल, जाहिरात आणि ऑनलाइन विक्रीवाले भेटतील. कोल्हापूर-साताऱ्यात लग्न, बारसं, डोहाळजेवण आणि स्थानिक व्यापाऱ्यांची उत्पादनं भेटतील. मी मुंबई-ठाणे धरून लिहितो आहे.

सेटवरून काय घेऊन निघता, ते आधी नीट मोजा. लाइटची दिशा आणि पोत तुम्हाला दिसतो, आणि बहुतेक नवशिक्यांना नेमका तोच दिसत नाही. थर्मोकोल (उजेड परतवणारा पांढरा बोर्ड) कुठून लावला की डोळ्याखालची सावली उठते, ट्रेसिंग पेपर लाइटपासून लांब धरला की सावलीची कड का मऊ होते, कटर (उजेड अडवणारा काळा पडदा) कुठे टाकला की भिंत काळी पडते, हे तुमच्या हातात बसलेलं आहे. शिस्तही आहे: बॅटऱ्या चार्ज, लेन्स पुसलेली, कार्डावर लेबल. आणि नट कंटाळलेला असताना त्याच्याशी कसं वागायचं हेही येतं. याची किंमत कमी समजू नका.

पण मालिकेच्या सवयी काही बाबतीत नडतात. दोन-तीन कॅमेरे एकदम लावायचे म्हणून मालिकेचा लाइट सगळीकडून सारखा, सपाट ठेवलेला असतो. कुठल्याही कोनातून चेहरा उजळ दिसला पाहिजे, हा तिथला नियम. स्थिरचित्रात तोच लाइट लावला की चेहरा चपटा होतो. एकाच बाजूनं एकच मोठा मऊ लाइट, दुसऱ्या बाजूला हवा तर थर्मोकोल, नको तर काळं कापड, एवढ्यावर दोन-तीन महिने काम करा. दुसरा लाइट लावायचा मोह होईल. तो लावण्याआधी पहिल्याची जागा हातभर सरकवून बघा.

दुसरी सवय शटरची, म्हणजे एका फ्रेमवर सेकंदाचा कितवा भाग उजेड पडू द्यायचा त्याची. सेकंदाला २५ फ्रेम आणि १८० अंशांचं शटर म्हणजे १/५० हे तुमच्या डोक्यात इतकं पक्कं असतं की स्थिर कॅमेरा हातात आला तरी शटरकडे लक्ष जात नाही. चालत्या चित्रात १/५० ची हलकी पुसट हालचाल चांगली दिसते, कारण पुढची फ्रेम लगेच येते. एकट्या फ्रेममध्ये तो पुसटपणा दोष ठरतो. उभा राहून बोलणारा माणूस असेल तर १/२००, चालणारा १/२५०, नाचणारी मुलं किंवा ढोल-ताशा असेल तर १/५०० किंवा वर. १/५० वरून १/२०० वर गेलात की दोन स्टॉप उजेड गेला (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), म्हणजे आयएसओ, सेन्सरची संवेदनशीलता, ८०० चं ३२०० होणार. सेटवरच्या एलईडीवर मालिका आरामात चालते आणि त्याच एलईडीवर स्थिरचित्र मात्र दाणेदार येतं, त्याचं मुख्य कारण हेच. चित्रीकरणातून काढलेली ४के फ्रेमही छापायला कमी पडते. ती ३८४० बाय २१६० पिक्सेलची असते, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम १२.८ बाय ७.२ इंच होते, आणि वर हालचालीचा पुसटपणा.

इथून फ्लॅशकडे येऊ. चालत्या चित्रातून आलेल्या माणसाला सगळ्यात जड जातो तो फ्लॅश, कारण तो आधी दिसत नाही. चालू लाइटवर जे दिसतं तेच येतं. फ्लॅशचा परिणाम फोटो काढल्यावरच कळतो. घाबरून बरेच जण एलईडी पॅनलवरच राहतात आणि मग दुपारच्या उन्हात, मोठ्या ग्रुपला किंवा कार्यालयाच्या उंच छताखाली अडकतात.

फ्लॅशची गोष्ट एका वाक्यात: ॲपर्चर (लेन्सचं भोक) फ्लॅशचा उजेड ठरवतं, शटर मागच्या जागेचा उजेड ठरवतं, आयएसओ दोन्ही एकदम वरखाली करतो. फ्लॅश सेकंदाच्या फारच छोट्या भागात येऊन जातो, त्यामुळे शटर १/६० असो की १/२००, त्याच्या उजेडात फरक पडत नाही. आसपासच्या दिव्यांचा उजेड मात्र शटर जितकं उघडं तितका साठत जातो.

सराव असा करा. फ्लॅश बंद ठेवा, कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ ४००, शटर १/२००, आणि ॲपर्चर एफ ५.६. एक फोटो काढा. मागची खोली हवी तेवढी काळी किंवा उजळ येईपर्यंत शटर आणि आयएसओ बदला, चेहऱ्याकडे बघूच नका. मग सॉफ्टबॉक्स लावलेला फ्लॅश चेहऱ्यापासून साधारण एक ते सव्वा मीटरवर, डोळ्यांच्या थोडा वर आणि ४५ अंश बाजूला ठेवा. ताकद १/१६ वर ठेवून फोटो काढा. चेहरा काळा असेल तर १/८, पांढरा होत असेल तर १/३२. यातली प्रत्येक पायरी एका स्टॉपची आहे. तीन-चार फोटोंत बसतं.

बिघडतं कुठे? फ्रेमच्या खालच्या किंवा वरच्या बाजूला काळा पट्टा आला तर शटर सिंक-वेगाच्या (फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सगळ्यात जलद शटरच्या) वर गेलं आहे. बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक १/२०० किंवा १/२५० असतो. त्यावर जायचं तर हाय-स्पीड सिंक चालू करावा लागतो, पण त्यात फ्लॅशची बरीच ताकद जाते आणि बॅटरी झपाट्यानं उतरते. उन्हात त्यापेक्षा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावून १/२०० वरच राहणं बरं, आणि एनडी तुमच्या ओळखीचाच आहे. दुसरी चूक अंतराची. फ्लॅश एक मीटरवरून दोन मीटरवर नेला की उजेड चौथाई होतो, दोन स्टॉप जातात. पुढच्या रांगेतले चेहरे पांढरे आणि मागचे काळे येतात ते यामुळे. ग्रुपला फ्लॅश जवळ आणू नका. लांब आणि उंच न्या आणि ताकद वाढवा, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या रांगेच्या अंतरातला फरक प्रमाणात कमी राहतो. तिसरी चूक रंगाची. हॉलमधले पिवळे दिवे ३२०० केल्विनच्या आसपास, फ्लॅश ५६०० च्या. चेहरा ठीक आणि मागचं सगळं नारिंगी. फ्लॅशवर सीटीओ जेल (उजेड नारिंगी करणारा पारदर्शक कागद) लावा, व्हाइट बॅलन्स ३२०० ला ठेवा. जेल कुठलं आणि किती, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको.

फोकसबद्दल तुम्हाला सांगण्याची गरज कमी, तरी एक आकडा ध्यानात ठेवा. ८५ मिमी लेन्स, एफ १.४, अंतर दीड मीटर: फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) मागेपुढे मिळून जेमतेम अडीच सेंटिमीटरचा पट्टा शार्प राहतो. एक डोळा शार्प, दुसरा गेला. एफ ४ वर तोच सात सेंटिमीटरच्या आसपास होतो. पार्श्वभूमी उडवायच्या हौसेपायी कान आणि नाक दोन्ही घालवलेले पोर्टफोलिओ रोज बघायला मिळतात. गिऱ्हाइकाच्या कामात एफ २.८ ते ५.६ मध्ये राहा.

आता उपकरणं, झटकन. फुल फ्रेम मिररलेस, २४ मेगापिक्सेल किंवा वर, आणि दोन कार्डांची सोय असलेला. दुसऱ्या कार्डाची अट सोडू नका, कारण कामाच्या दिवशी एक कार्ड मेलं तर दुसऱ्यात सगळं असलं पाहिजे. कंपनी कुठली याला फारसं महत्त्व नाही. ज्या कंपनीच्या लेन्स तुमच्या ओळखीच्या भाड्यानं देणाऱ्याकडे जास्त, ती घ्या. लेन्स सुरुवातीला २४-७० एफ २.८ आणि ८५ मिमी. गोडॉक्सच्या एडी २०० सारखा २०० वॉट-सेकंदाचा एक फ्लॅश, ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स, ट्रिगर, स्टँड आणि वाळूची पिशवी. ७०-२००, दुसरी बॉडी आणि मोठा फ्लॅश भाड्यानं आणा. पहिली पाच-सहा कामं पूर्ण भाड्याच्या सामानावर केलीत तरी बिघडत नाही, उलट काय घ्यायला नको ते समजतं. कोर्स? वर्षभराचा, लाखोंचा नको. संपादन, रंग आणि छपाई शिकवणारा काही आठवड्यांचा वर्ग उपयोगी पडेल. पुण्याच्या एफटीआयआयचे छोटे अभ्यासक्रम येत असतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा.

पहिलं गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न जास्त मोलाचा.

सगळ्यांना वाटतं सेटवरच स्टिल फोटोग्राफर व्हावं. दार उघडं असतं, चेहरे ओळखीचे असतात. पण मालिकांमध्ये हे काम फार थोडं उरलं आहे. नवी मालिका सुरू होताना लूक आणि प्रोमोसाठी चॅनेलचा ठरलेला फोटोग्राफर येतो, दिवस-दोन दिवसांत उरकतो. रोजचे फोटो सोशल मीडियाची टीम मोबाइलवर काढते. सिनेमात युनिट स्टिल्सचं (चित्रीकरण चालू असतानाच्या फोटोंचं) काम अजून आहे, पण ते शेड्यूलपुरतं. महिन्याचा खर्च त्यावर टाकू नका. मिळालं तर जरूर करा, आणि करताना दोन गोष्टी सांभाळा. सिंक साउंड असेल (संवाद सेटवरच रेकॉर्ड होत असतील) तर मेकॅनिकल शटरचा आवाज चालत नाही, इलेक्ट्रॉनिक शटर लावावं लागतं. साध्या सेन्सरला पूर्ण चित्र वाचायला सेकंदाचा पंधरावा ते साठावा भाग लागतो, त्यामुळे झगमगणाऱ्या एलईडीखाली आडवे पट्टे येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून विजेमुळे झगमगणाऱ्या दिव्यांखाली १/५० किंवा १/१०० वर पट्टे सहसा जातात. डिमरवर खाली आणलेल्या पॅनलची झगमग वेगळ्या गतीची असते, तिथे शटर बारीक पायऱ्यांनी सरकवून चाचणी फोटो बघावा लागतो. नाहीच जमलं तर टेक संपल्यावर नटाला तीस सेकंद त्याच जागी थांबवून मेकॅनिकल शटरवर फोटो घ्या. त्यासाठी पहिल्या एडीशी (सहाय्यक दिग्दर्शकाशी) सकाळीच बोलून ठेवायचं, ऐन वेळी नाही. दुसरी गोष्ट गुप्ततेची: प्रदर्शनाआधी एकही फोटो स्वतःच्या पानावर टाकायचा नाही, बीटीएस (पडद्यामागचे फोटो) सुद्धा. एका पोस्टनं दार कायमचं बंद होतं.

माझ्या मते तुमच्यासाठी पहिला खरा बाजार नटांच्या पोर्टफोलिओचा आहे. ज्युनिअर आर्टिस्ट, छोट्या भूमिका करणारे, नाटकातून नुकते आलेले, यांना दर वर्ष-दीड वर्षानं नवे फोटो लागतात. ते तुम्हाला ओळखतात. कास्टिंगवाल्याला काय लागतं हेही तुम्ही सेटवर बघितलेलं आहे.

इथे बरेच फोटोग्राफर फॅशनच्या मागे लागून घोळ घालतात. कास्टिंगला धूर, वारा आणि चमचमता ड्रेस नको असतो. माणूस खरा कसा दिसतो ते हवं असतं. साध्या एकरंगी कपड्यात समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण उंचीचा असे चार फोटो बिनमेकअप किंवा अगदी हलक्या मेकअपमध्ये. एक दात दिसेल असा हसरा, एक गंभीर. त्यानंतर तीन लूक: रोजचा शहरी, भारतीय पोशाख, आणि नटाला जी भूमिका मिळू शकते तिला जवळचा एक. मराठीत काम शोधणाऱ्या मुलीला नऊवारीतला एक फोटो उपयोगी पडतो, पण तो थाटामाटाचा नको, घरात वावरणाऱ्या बाईसारखा हवा. तीळ, व्रण, दातातली फट ठेवायची. मुरूम काढला तर चालतो, कारण तो आठवड्यानं जाणारच आहे. त्वचा प्लास्टिकसारखी केलीत तर ऑडिशनला दुसराच माणूस आला असं वाटतं, आणि नुकसान नटाचं होतं.

साधे फोटो धरून या चार लूकला तीन ते साडेतीन तास धरा. जागा म्हणून इमारतीची गच्ची, सूर्यास्ताच्या आधीचा दीड तास आणि एक थर्मोकोल. पावसाळ्यात मोठी खिडकी आणि काळं कापड. स्टुडिओचं भाडं या टप्प्यावर नको. पहिली सात-आठ कामं कमी पैशात करा, पण फुकट एकही करू नका. फुकट काढलेल्या फोटोसाठी माणूस उशिरा येतो, कपडे इस्त्री करून आणत नाही आणि पुढच्याला सांगताना ‘फुकट काढून देतो’ असं सांगतो.

माणसाला उभं करण्याचं काम इथेच शिकता येईल. सेटवर नटाला संवाद असतो, हालचाल असते. तुमच्यासमोर त्याला करायला काहीच नसतं, म्हणून हात कुठे ठेवावे कळत नाही. ‘नैसर्गिक उभे राहा’ असं सांगून कुणी नैसर्गिक उभं राहत नाही. काम द्या: खिडकीपर्यंत जा, बाहेर बघा, मी हाक मारली की वळा. वळतानाचा क्षण घ्या. नट असेल तर मनातल्या मनात एक वाक्य बोलायला सांगा, डोळे लगेच बदलतात. नट नसलेल्या गिऱ्हाइकाला शरीराच्या सूचना द्या: वजन मागच्या पायावर, कपाळ किंचित माझ्याकडे, हनुवटी थोडी खाली. कॅमेऱ्याची उंची चेहऱ्यासाठी डोळ्यांना समांतर, पूर्ण उंचीच्या फोटोला कमरेपाशी. उंच कॅमेऱ्यातून पूर्ण उंची घेतली की पाय आखूड दिसतात. आणि सतत बोलत राहा. असिस्टंटला सेटवर गप्प राहायची सवय लागलेली असते, ती इथे मोडावी लागते. फोटोग्राफर स्क्रीनकडे बघून गप्प झाला की समोरच्याला वाटतं आपण वाईट दिसतोय.

हा मुद्दा किती मोठा आहे हे जुन्या नावांवरून कळतं. सिनेतारकांच्या पोर्ट्रेटसाठी गाजलेले गौतम राजाध्यक्ष जाहिरातीच्या क्षेत्रातून आले, सत्यजित राय यांच्या कामाची छायाचित्रं वर्षानुवर्षं काढणारे निमाई घोष बंगाली रंगभूमीवरून आले. दोघेही कॅमेरा विभागाच्या शिड्या चढून आलेले नव्हते. माणसं त्यांच्यासमोर सैल व्हायची. तंत्र तुमच्याकडे आधीच बरंचसं आहे, त्यामुळे तुमचा वेळ या दुसऱ्या बाजूला जायला हवा.

लग्नं करायची का? पैसा तिथे आहे, पण हंगामी. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, पावसाळ्यात चातुर्मासात जवळपास थांबतात. सुरुवातीला दुसरा फोटोग्राफर म्हणून कुणाबरोबर दहा-बारा लग्नं करा, एकट्यानं जबाबदारी घेऊ नका. सेटवर ‘वन मोअर’ असतं. अंतरपाट एकदाच दूर होतो. त्या क्षणी करवल्या, मामा, भटजी, व्हिडिओवाला सगळे पुढे झुकतात आणि अक्षता पडत असतात. अंतरपाटाच्या कापडाच्या रेषेत, बाजूला उभे राहा, म्हणजे दोघांचे चेहरे एकाच फ्रेममध्ये येतात. ही जागा मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी धरावी लागते, शेवटच्या कडव्याला कुणी सरकू देत नाही. शटर १/२५० च्या खाली नको, अक्षता लांबट रेघा होतात. व्हिडिओवाल्याशी आधी बोलून त्याचा एलईडी कुठल्या बाजूला असेल ते ठरवा. तुम्ही त्याच जगातून आलात, हे बोलणं तुम्हाला इतरांपेक्षा सोपं जाईल. हळदीच्या पिवळ्या कनातीखाली चेहरे पिवळे येतात, ते संपादनात बरेचसे सावरतात. डीजेच्या जांभळ्या-निळ्या एलईडीत गेलेला चेहरा सावरत नाही, तिथे स्वतःचा फ्लॅश मारावाच लागतो.

छपाईचा हिशेबही लग्नातच शिकायला मिळतो. आपल्याकडे १२ बाय ३६ चा अल्बम चालतो. पूर्ण उघडलेलं पान ३०० डीपीआयला १०,८०० पिक्सेल रुंद. २४ मेगापिक्सेलचा, ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो त्यावर पसरला तर १६६ च्या आसपास डीपीआय उरतो, तो चालून जातो. पण प्रमाण तीनास एक असल्यामुळे वरून-खालून कापलं जातं आणि मधोमध घडी येते. म्हणून पसरायच्या फोटोत माणसं एका बाजूला, आणि डोक्यावर-पायाखाली जागा सोडून काढा. सोळा-नऊची आडवी फ्रेम डोळ्यात बसलेल्यांनी उभे फोटो मुद्दाम मोजून काढावेत. मोबाइलवर बघणाऱ्या जगात अर्धी मागणी उभ्याचीच असते.

उत्पादनांच्या फोटोंबद्दल एवढंच, की फोकस पुलिंगवर (शॉट चालू असताना फोकस सरकवण्यावर) ज्यांचा हात बसलाय त्यांना टेबलटॉप (टेबलावर वस्तू मांडून काढलेले फोटो) आवडतं आणि ते काम नियमित असतं. शिकायला वेळ लागतो. दुसऱ्या वर्षी बघा.

आता पैशाचं. सेटवरच्या एका शिफ्टशी फोटोच्या एका दिवसाची तुलना करू नका, तिथे फसगत होते. एक दिवसाचं शूट म्हणजे अर्धा दिवस भेटीगाठी आणि तयारी, एक दिवस प्रत्यक्ष काम, दीड दिवस निवड आणि संपादन. तीन दिवस. त्यावर सामानाची झीज. समजा सामान ३ लाख ६० हजारांचं आहे आणि तीन वर्षांत वसूल करायचं आहे, तर महिन्याला १० हजार. महिन्याला पाच कामं धरली तर प्रत्येक कामामागे २ हजार फक्त सामानाचे. त्यामुळे तुमचा दर तीन शिफ्टचे पैसे अधिक झीज, अधिक प्रवास आणि मदतनीस, याच्या खाली आला तर तुम्ही सेटवरच जास्त कमावत होता. पैसे तीन टप्प्यांत घ्या आणि फायली देण्याआधी ऐंशी-नव्वद टक्के हातात असू द्या. अल्बमवर अडकलेली बाकी वर्षभर अडकते.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, ती मोफत आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार कंपनीनं तुमचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर व्याज लागतं. तक्रारीपर्यंत कुणी सहसा जात नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की हिशेब खात्यातला माणूस जरा जपून वागतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत महाराष्ट्रात सेवांसाठी जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. बिलातून कापलेला टीडीएस तुमच्या आयकराच्या खात्यावर दिसतो का, हे दर तिमाहीला बघा.

हक्कांबद्दल सेटवरच्या माणसाला सहसा काही माहीत नसतं, कारण तिथे सगळं निर्मात्याचंच असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा ठरतो. ‘फोटो मी काढला म्हणजे माझा’ ही समजूत चुकीची आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून एक पानी करार हवा: मालकी कुणाची, गिऱ्हाईक कुठे आणि किती काळ वापरणार, तुम्ही स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवू शकता का. हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश घातला नाही तर भारतापुरतं धरतो. नटाच्या पोर्टफोलिओला हे फार ताणू नका, त्याला फोटो सगळीकडे वापरू द्या. जाहिरातीच्या कामात मात्र वापराप्रमाणे दर बदलतो.

डेटाची एकच शिस्त: तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर. शूटवरून आल्यावर दोन डिस्कवर उतरवून, उघडून तपासल्याशिवाय कार्ड फॉरमॅट नाही. निवडीसाठी पहिली फेरी वेगात, फक्त नकार देत. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी दुसरी फेरी. चाळीस सारख्या फ्रेम गिऱ्हाइकाला पाठवणं म्हणजे तुमचं काम त्याच्यावर ढकलणं, आणि तो नेमकी वाईट निवडतो.

राहिला प्रश्न मालिका कधी सोडायची. आज तर नक्कीच नाही. क्रम असा लावा: पहिले तीन-चार महिने सुट्टीच्या दिवशी फ्लॅश आणि एका लाइटचा सराव, पुढचे सहा महिने महिन्याला दोन-तीन पोर्टफोलिओ, हंगामात दुसरा फोटोग्राफर म्हणून लग्नं. या काळात बदली माणूस देऊन दिवस सोडवता येतात, तेवढी सवलत तुमच्या डीओपीकडून मागून घ्या, लपवू नका. डीओपीच पुढे तुम्हाला नट पाठवेल. सलग चार महिने फोटोंची निव्वळ मिळकत, सामानाची झीज वजा करून, शिफ्टच्या कमाईच्या साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत आली की सोडायचा विचार करा.

सोडताना एक फसवा काळ येतो. नव्वद दिवसांच्या उधारीमुळे मालिका सोडल्यावरही तीन महिने जुन्या शिफ्टचे पैसे खात्यावर येत राहतात. फोटोग्राफी छान चालली आहे असं वाटतं आणि चौथ्या महिन्यात खातं एकदम कोरडं पडतं. ते तीन महिन्यांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, हात लावू नका. ती सहा महिन्यांच्या घरखर्चाच्या शिलकीतली अर्धी रक्कम समजा, उरलेली अर्धी सोडण्याआधी जमवा. हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर, दिवाळीच्या सुमारास सोडा, मे संपताना सोडू नका. आणि युनियनचं कार्ड असेल तर त्याची वर्गणी भरत राहा. रद्द झालेलं कार्ड परत काढायला जास्त पैसे आणि जास्त चकरा लागतात, आणि सिनेमाच्या एखाद्या शेड्यूलला स्टिल्ससाठी बोलावणं आलं तर प्रॉडक्शन पहिल्यांदा तेच विचारतं.